आईच्या तळपायांची आग आणि आमचं स्वयंपाकघर: जून ते डिसेंबरच्या नोंदी

५ जून २०२५

आईच्या पायांच्या त्रासावर खाण्यापिण्यातून जेवढं करता येईल तेवढं करून बघायचं ठरवलंय, त्याच्या नोंदी ठेवतोय. आमच्या गल्लीतच हा त्रास असलेली बरीच माणसं आहेत आणि प्रत्येक घर पहिल्यापासून सुरुवात करतं, तेच तेच प्रयोग, तेच तेच खर्च, म्हणून लिहून ठेवलेलं बरं. औषधं बंद करून काहीही करायचं नाहीये, हे आधीच सांगतो. जे काही बदलू ते डॉक्टरांना विचारून.

आई ६८ वर्षांची, माळकरी. म्हणजे अंडं, मासे, मटण घरात नाही आणि येणारही नाही, त्यावर चर्चाच नाही. राहतो सोलापुरात. शुगर बारा वर्षांपासून, मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड २ सकाळी, आणि अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल कधीपासून चालू आहे ते तिलाही आठवत नाही. त्रास असा की दिवसा पाय बधिर, चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळत नाही, आणि रात्री दिवा मालवला की तळपायांची आग, मुंग्या, मधेच सुई टोचल्यासारखी चमक. फरशीवर पाय टेकवून बसते अर्धी रात्र. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन ७५ रात्रीची चालू केली, त्याने झोप लागते पण सकाळी डोकं जड.

त्रास मोजायचा कसा हा पहिलाच प्रश्न. शून्य ते दहापैकी किती असं विचारलं की ती म्हणते "मला नाही कळत तुझं ते." शेवटी तिनेच मार्ग काढला. "आण्यात सांगू का?" म्हणाली. सोळा आणे म्हणजे सहन होत नाही, आठ आणे म्हणजे झोपमोड पण चालतंय, चार आणे म्हणजे आहे पण विसरायला होतं. रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली आणे लिहायचे. आजचे बारा.

रक्त दिलंय. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पॅकेजमध्ये होतं, बी-१२ जीवनसत्त्व नव्हतं, ते वेगळं मागून घेतलं, ९०० रुपये जास्तीचे गेले. हा त्रास असेल तर ही तपासणी मागूनच घ्या, आपोआप होत नाही.

७ जून

रिपोर्ट आले. एचबीएवनसी ९.४, म्हणजे शुगर चांगलीच वर. बी-१२ १४८. दोनशेच्या खाली म्हणजे कमी, दोनशे ते तीनशे काठावर, असं साधारण धरतात. हिमोग्लोबिन ११.८, त्यामुळे चेहरा पांढरा पडलाय, धाप लागतेय असलं काहीच नाही आणि म्हणून कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बी-१२ च्या कमतरतेत रक्त ठीक दिसत असताना नसा खराब होत राहू शकतात, त्यातून कुणी नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या खात असेल तर रक्ताची बाजू सुधारते आणि नसांची बाजू तशीच बिघडत राहते.

आईच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, शाकाहार, बी-१२ फक्त प्राण्यांकडून येणाऱ्या अन्नात, म्हणजे आपल्यासाठी दूध-दही-पनीर एवढंच. दोन, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतलं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. तीन, अ‍ॅसिडिटीची गोळी, अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-१२ सुटं करायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं आणि तेच आपण दाबून ठेवलेलं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये स्पष्ट सूचना काढली की मेटफॉर्मिन घेणाऱ्याला अशी लक्षणं असतील तर बी-१२ तपासा. आणि आपल्याकडे तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्येच दाखवलं होतं की पुणे भागातल्या तपासलेल्या पुरुषांपैकी साधारण तीनात दोघांचं बी-१२ कमी आहे. म्हणजे हे आपल्या घराघरातलं दुखणं आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग गोळी. अ‍ॅसिडिटीची गोळी गरज असेल तरच. इंजेक्शन स्वस्त आहे, टोचणाऱ्याचे पैसेच जास्त होतात.

मला वाटत होतं खाण्यातूनच भरून काढू. डॉक्टर म्हणाले टाकी रिकामी आहे, आधी ती भरू द्या, खाण्याने नंतर ती रिकामी होऊ द्यायची नाही. पटलं.

१० जून

दुधाचा हिशेब केला. दिवसाची गरज सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम. गाय-म्हैस दोन्हींच्या दुधात शंभर मिलीला साधारण ०.४ च्या आसपास. म्हणजे गरज नुसत्या दुधातून भागवायची तर अर्धा लिटरच्या पुढे जावं लागतं. आई दिवसभरात प्रत्यक्षात किती दूध घेते ते मापाने मोजलं, तीन चहातलं मिळून शंभर मिली पण नाही. ताक रोज पिते म्हणून आम्हाला वाटायचं दूधदुभतं भरपूर आहे, पण आमचं ताक म्हणजे वाटीभर दह्यात तांब्याभर पाणी.

बदल असा केला: सकाळी एक कप दूध साखर न घालता, दुपारी वाटीभर दही जेवणातच, संध्याकाळी पुन्हा कपभर दूध किंवा पनीरची भुर्जी. दूध दिवसात तीन-तीनदा उकळायचं बंद, एकदा उकळून फ्रिजमध्ये, कारण जास्त उकळलं की बी-१२ कमी होतं. दुधाचं बिल महिन्याला साधारण ९०० ने वाढणार.

एक गोष्ट दुकानात कळली. पिशवीवर निळा +एफ चा (फोर्टिफाइड, म्हणजे पोषकद्रव्यं वरून घातल्याचा) शिक्का असलेलं दूध घ्या म्हणजे बी-१२ मिळेल असं बरेच जण सांगतात. तसं नाही. दुधात जे वरून घालतात ते ए आणि डी जीवनसत्त्व. बी-१२ घालतात ते तांदळात आणि गव्हाच्या पिठात.

आणि इडली, आंबील, लोणचं असलं आंबवलेलं खाल्लं की बी-१२ मिळतं हे पण धरून चालू नका. स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या) गोळ्या ताईने पाठवल्या होत्या, त्यात बी-१२ सारखं दिसणारं जे असतं ते बहुतांश माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही. परत पाठवल्या.

१४ जून

वरचं वाचून बायकोने रेशनचा तांदूळ आणला. निवडायला बसलो तर तिच्या ताटाच्या कडेला वेगळ्या दाण्यांची छोटी रास झालेली, जरा जास्त पिवळट, एकसारखे, पाण्यात टाकले की वर येणारे. "हे प्लास्टिकचे आहेत, सगळे म्हणतात," म्हणून ती बाजूला काढत होती. तेच तर फोर्टिफाइड दाणे! तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात काढलेले. शंभरात एक असा दाणा असतो. परत मिसळले, आणि शेजारच्या दोन घरांत जाऊन पण सांगून आलो कारण तिथेही वेचूनच टाकत होते.

पण हिशेब केला तर किलोला बी-१२ फक्त ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळात एक दशांश. आईला भात कमीच खायचाय, त्यामुळे तिच्यासाठी हा मार्ग नाही. पोरांसाठी चांगला आहे.

तांदळाचं निघालंच आहे तर, नसा आणि जेवण यांचं नातं माणसाला कळलं तेच मुळी तांदळावरून. १८९० च्या दशकात जावामध्ये आइकमन नावाच्या डच डॉक्टरांच्या लक्षात आलं की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. तो बी-१ चा अभाव होता, पुढे त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे बी-१ शेंगदाणे, तीळ, मटकी, कडधान्यं यातून मिळतं, सोलापूरच्या ताटात शेंगाचटणी असतेच, त्यामुळे त्या बाजूची मला काळजी वाटत नाही.

२१ जून

योगिनी एकादशी. आईची एकादशी चुकत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळं. दोन तासांनी शुगरच्या मीटरवर २६८. रात्री सोळा आणे, सकाळी चार वाजेपर्यंत जागी. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा.

एका रात्रीवरून काही ठरवायचं नाही हे मान्य. पण कॅलेंडर मागे जाऊन विचारलं तर ती स्वतःच म्हणाली, "एकादशीच्या रात्री पाय जास्तच पेटतात, मला वाटायचं उपासाने उष्णता होते."

उपास सोडायला सांगणार नाही. तिच्यासाठी तो उपास म्हणजे काय आहे ते मी लहानपणापासून बघतोय. उपासाचं ताट बदलायचं.

६ जुलै

परवा कांदेनवमी झाली, आता चातुर्मासभर कांदा-लसूण-वांगं बंद. आज आषाढी. यावेळी ताट असं: राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ एकच, त्यात किसलेली काकडी आणि दाण्याचं कूट, बरोबर घट्ट दही, दाण्याची आमटी, आणि संध्याकाळी दूध. दोन तासांनी १८७. मधे एकदा वरीचा भात आणि दाण्याची आमटी करून बघितली होती, ती २३१. वरी हलकी म्हणतात, पचायला असेल, शुगरला नाही.

रात्री दहा आणे. इंजेक्शनं पण चालू आहेत त्यामुळे कशाने कमी झालं ते वेगळं करून सांगता येणार नाही, पण साबुदाणा घरात आणायचा बंद झाला.

१५ जुलै

ताईचा फोन, धान्य पूर्ण बंद करा, कुणीतरी महिन्यात एचबीएवनसी साडेदहावरून सहावर आणली आणि पाय बरे झाले असा व्हिडिओ आहे. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय म्हणून सविस्तर लिहितो. खूप दिवस वर असलेली शुगर एकदम खाली आणली तर नसांचा त्रास उलट भडकू शकतो, नवीन वेदना सुरू होऊ शकतात. एचबीएवनसी तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त उतरली तर हा धोका वाढतो, मग ती इन्सुलिनने उतरवा, गोळ्यांनी उतरवा नाहीतर उपाशी राहून. जितकी जास्त आणि जितकी जलद उतरेल तितका धोका जास्त. डोळ्याच्या पडद्यालाही त्याचा त्रास होऊ शकतो. त्यांनी लक्ष्य दिलं, सप्टेंबरपर्यंत साडेआठच्या आसपास, त्याखाली नाही.

ताईला हे समजावताना वाद झाला. तिने अमेरिकेतला एक अभ्यास पुढे केला, तो मी शोधून वाचला, २०१५ चा आहे, मधुमेहाच्या नसांच्या दुखण्यावर वीस आठवडे कमी तेलाचं वनस्पतीजन्य जेवण, आणि वेदना कमी झाल्या. अभ्यास छोटा आहे पण आशा वाटण्यासारखा. त्यात धान्य बंद नव्हतंच, धान्य-कडधान्य-भाज्या-फळं असंच जेवण होतं, आणि बी-१२ ची गोळी दोन्ही गटांना होती. हे सांगितल्यावर ताई शांत झाली.

आमचं रोजचं ताट आता: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. शाळूची भाकरी, मंगळवेढ्याची मालदांडी, दोन ऐवजी दीड. उसळ मटकी, हुलगा, मूग आलटूनपालटून, हुलग्याचं माडगं आठवड्यातून दोनदा. कारळ किंवा जवसाची चटणी. या ताटावर दोन तासांनी १७२, कधी १६५. हीच दीड भाकरी आधी आणि उसळ नंतर असं करून बघितलं तर १९० च्या पुढे. एवढा फरक नुसत्या क्रमाने पडेल असं वाटलं नव्हतं.

नाचणीने मात्र निराशा केली. सगळे सांगतात म्हणून सकाळी नाचणीची आंबील सुरू केली होती, दोन तासांनी २४४. बारीक दळलेलं पीठ पाण्यात शिजवून पातळ पिलं की ते भराभर उतरतं. नाचणीची भाकरी भाजीबरोबर खाल्ली की तेवढी वाढत नाही. धान्य कोणतं यापेक्षा ते कसं पोटात जातं तेही बघावं लागतं.

मीटरच्या पट्ट्यांचा खर्च साधारण २० रुपयाला एक. या महिन्यात पट्ट्यांवरच हजाराच्या पुढे गेले, पण कोणता पदार्थ चालतो ते कळायला दुसरा मार्ग नाही. एकदा कळलं की रोज टोचायची गरज नाही.

१८ जुलै

सकाळी अकराला आईला घाम, हातपाय थरथर, बोलणं अडखळत. मीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी ९४, मग दूध-पोळी. नाश्ता हलका झाला आणि ग्लिमेपिराइड तेवढीच राहिली, म्हणून. डॉक्टरांनी त्याच दिवशी ती २ ची १ केली. ज्यांना ही गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण कमी करायच्या आधी फोन करा, नंतर नाही. एकादशीला सकाळी ती गोळी घ्यायची की नाही हे पण फाइलवर लिहून घेतलं.

२ ऑगस्ट

श्रावण. सोमवार-शनिवारचे उपास यावर्षी एकवेळ जेवणाचे नाहीत, डॉक्टरांनी आईला स्वतः समजावलं, माझ्या सांगण्याने झालं नसतं.

गोळ्यांचा डबा रिकामा करून बघितला. तीन वेगवेगळ्या ‘नसांच्या’ गोळ्या निघाल्या. एक डॉक्टरांनी दिलेली, एक मेडिकलवाल्याने मागे कधीतरी दिलेली, आणि दादाने अमेरिकेतून आणलेली मोठी बाटली. तिन्हींवर बारीक अक्षरात पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६. अमेरिकेच्या बाटलीत एका गोळीत १०० मिलिग्रॅम. बी-६ जास्त झालं, महिनोन्महिने, तर त्यानेच नसा बिघडतात, हातापायात बधिरपणा आणि आग, म्हणजे ज्याच्यासाठी घेतोय तेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम केली. दोन गोळ्या बंद, डॉक्टरांचीच ठेवली. दादाला वाईट वाटेल म्हणून फोनवर नीट सांगितलं, त्याने प्रेमानेच आणली होती, आणि त्याला डॅलसमध्ये बसून आईच्या पायासाठी दुसरं काय करता येणार.

कॅलेंडरवर जुलैचे दुसरे पंधरा दिवस आठ ते दहा आणे.

१९ ऑगस्ट

हळदीबद्दल. शेजारच्या काकू रोज हळदीचं दूध द्या म्हणून मागे लागल्या होत्या, आणि दिलंय, कारण त्यात नुकसान नाही आणि दूध पोटात जातंच. पण हळदीत कर्क्युमिन असतं तीन टक्क्यांच्या आसपास, चमचाभर हळदीत नव्वद-शंभर मिलिग्रॅम, ते सुद्धा शरीरात नीट शोषलं जात नाही, मिऱ्याबरोबर जरा बरं. अभ्यासात वापरतात ते याच्या कितीतरी पट आणि कॅप्सूलमध्ये. कॅप्सूल आम्ही आणल्या नाहीत, त्याने काहींच्या लिव्हरला त्रास झालाय. आईला दुधाने झोप जरा बरी लागते, म्हणून चालू आहे.

हळद कुठली हे मात्र बघा. पिवळा रंग झगझगीत दिसावा म्हणून हळकुंडाला लेड क्रोमेट चोळायचा प्रकार असतो, बांगलादेशात २०१९ मध्ये ते उघड झालं तेव्हा सरकारला बाजारावर धाडी घालाव्या लागल्या. लेड म्हणजे शिसं, आणि शिसं नसांना खातं. आम्ही सांगलीकडची फिकट दिसणारी हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेतली, किलोमागे शंभरेक रुपये जास्त गेले.

याच कारणासाठी एका गोष्टीला ठाम नाही म्हटलं. मावशीने बाजारातल्या कुणा वैदूकडून करड्या भुकटीच्या पुड्या आणल्या होत्या, पंधरा दिवसांचे १८०० रुपये, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, "भस्म आहे, शंभर टक्के नैसर्गिक." नाग भस्म म्हणजे शिसं. सोमल म्हणजे आर्सेनिक, त्याने तर तळपायांची अशीच आग होते. काय आहे हे न सांगता दिलेली पुडी आधीच दुखावलेल्या नसांच्या माणसाला देणं मला मान्य नाही. मावशी नाराज झाली, चार दिवस बोलली नाही. आईनेच तिला फोन केला.

दुधीचा रस पण सगळे सुचवतात. कडू लागला तर घोटभरही प्यायचा नाही, २०१० मध्ये दिल्लीत त्याने मृत्यू झालाय आणि त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने हाच इशारा दिला. आम्ही दुधी भाजी करूनच खातो, आणि कापताना फोड चाखून.

६ सप्टेंबर

एचबीएवनसी ८.५. डॉक्टर खूश. बी-१२ परत काढलं नाही, इंजेक्शननंतर ते आकडे फुगलेलेच येतात, त्यावरून काही कळत नाही, पैसे वाचवा म्हणाले. इंजेक्शन बंद, रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी. मी विचारलं, आतडं शोषतच नाही तर गोळीने काय होणार? तर म्हणाले मोठ्या डोसमधलं साधारण एक टक्का आतड्याच्या भिंतीतून असंच झिरपून आत जातं, त्याला पोटातलं अ‍ॅसिड वगैरे काही लागत नाही. हजारातले दहा मायक्रोग्रॅम म्हणजे गरजेच्या चौपट.

कॅलेंडर सहा ते आठ आणे. प्रीगाबालिनची गोळी तीच आहे, कमी करायची घाई नाही.

पाय तपासले. तळव्याला दहा ठिकाणी नायलॉनची तार टेकवतात, जूनमध्ये पाच ठिकाणी कळली होती, आता सहा. कंपन तपासायचा धातूचा काटा अंगठ्यावर कळत नाही, घोट्यावर कळतो, जूनमध्येही तेच होतं. आग कमी झाली म्हणून बधिरपणा गेला असं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या चालतात. नस वाढलीच तर दिवसाला मिलिमीटरच्या आसपास वाढते, आणि जी पूर्ण गेली ती येईलच असं नाही. आईला मी हे लपवलं नाही. ती म्हणाली, "आग गेली तरी पुष्कळ."

२३ ऑक्टोबर

पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, महिना-दीड महिना हातातून गेला. श्राद्धाच्या जेवणाची खीर, दसऱ्याचं श्रीखंड, दिवाळीचा फराळ. कॅलेंडरवर दिवाळीत पुन्हा दहा आणे. फराळ करायचा नाही असं म्हणणं आमच्या घरात शक्य नव्हतं, पण एक जमलं: चकली-चिवडा-लाडू सगळं सकाळच्या नाश्त्याला न खाता दुपारच्या जेवणात, उसळीनंतर, एकच पदार्थ. त्या दिवशी २००-२१०. रिकाम्या पोटी फराळाच्या ताटाला २८० झाली होती.

आज भाऊबीजेला ताई आली, आईसाठी मूगडाळीचे कमी गोडाचे लाडू घेऊन. तेही लाडूच, पण तिने मनापासून केले होते, अर्धा खाल्ला.

२ नोव्हेंबर

कार्तिकी. आईला पंढरपूरला घेऊन गेलो, मुखदर्शन. यासाठी तयारी खाण्याची नाही तर पायांची करावी लागली, पण लिहितो कारण नसांचा त्रास असलेल्याला हे कुणी सांगत नाही. देवळात चप्पल चालत नाही आणि ऊन तापलं की दगडी फरशीवर चटका बसून फोड आला तरी बधिर पायाला कळत नाही. जाड पांढरे सुती मोजे घातले, बाहेर आल्यावर मोजे काढून तळवे, बोटांच्या बेचक्या बघितल्या. पांढरेच का, तर रक्ताचा डाग लगेच दिसतो. घरीसुद्धा आता ती अनवाणी फिरत नाही, आणि पाय शेकायला गरम पाण्यात घालत नाही, पाणी आधी मी कोपराने बघतो, तेही कोमटच.

उपासाला पिशवीत राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, भाजलेले शेंगदाणे नेले होते. साबुदाणा वडे सगळीकडे मिळत होते, तिने बघितलेही नाहीत. रात्री सहा आणे.

९ डिसेंबर

एचबीएवनसी ७.८. हळूहळू उतरतेय, जशी हवी तशी. तार सात ठिकाणी कळली. आणे चार ते सहा, कधीतरी थंडीत आठ. प्रीगाबालिन डॉक्टरांनी ७५ ची ५० केली, सकाळचं डोकं जड राहणं कमी झालंय, आणि पहाटेचा हरिपाठ ती पुन्हा बसून म्हणते.

खर्चाचं विचारतात म्हणून: दूध-दही वाढलेलं ९००, कडधान्यं आणि जवस-कारळ-तीळ मिळून ४०० च्या आसपास, बी-१२ ची गोळी २५०, पट्ट्या आता महिन्याला दोनशेच्या आत. अक्रोड बंद केले, १२०० रुपये किलो देऊन जवसापेक्षा वेगळं काही जाणवलं नाही, जवस दीडशेत मिळतं, फक्त भाजून कुटून खायचं, अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं.

वेळ मात्र लागतो. पहिले सहा-सात आठवडे आम्हाला वाटत होतं काहीच होत नाहीये, कॅलेंडर नसतं तर तेव्हाच सोडून दिलं असतं. रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या घरात चप्पल घालून वीस मिनिटं फेऱ्या, त्या मी तिच्याबरोबर मारतो, एकटी कंटाळते.

मेटफॉर्मिन चालू आहे तोवर बी-१२ ची गोळी बंद करायची नाही आणि वर्षातून एकदा लेव्हल बघायची, हे डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय. पुढची एचबीएवनसी मार्चमध्ये. शाळूची सुगी फेब्रुवारीत सुरू होईल, मंगळवेढ्याच्या एका शेतकऱ्याला दोन पोती सांगून ठेवलीत, वर्षाचा भरायचाय.